आरसिंक: लिनक्स, मॅक आणि विंडोजवर कंपाइल करण्यापासून रोजच्या बॅकअपपर्यंत

नागपूरच्या महाल-इतवारीतल्या डीटीपीच्या ऑफिसात साधारण हेच चित्र असतं. अक्षरजुळणीला दोन-तीन विंडोज मशिनं, मुखपृष्ठाला एक मॅक, आणि कोपऱ्यात स्टुलावर एक जुना सीपीयू, ज्यावर कुणीतरी कधीतरी उबंटू टाकून दिलंय. बॅकअप म्हणजे पेन ड्राइव्ह. दसऱ्याआधीच्या महिन्यात दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलसाठी कामं उतू जातात, आणि मग एकाच पुस्तकाच्या ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरंच फायनल’ अशा प्रती तीन मशिनींवर फिरत राहतात. यावरचा उपाय फुकट आहे आणि जुना आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचा आरसिंक १९९६ साली आला. तो दोन्हीकडच्या फाइली ताडून बघतो आणि जे बदललं तेवढंच पाठवतो.

प्रोग्रॅम कंपाइल करणं, म्हणजे मूळ कोडवरून आपल्याच मशिनवर तयार करणं, हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरा वेळ नंतर जातो, तो चार गोष्टींत: नेमका कुठला आरसिंक चालतोय, फाइलीचं नाव कसं साठवलंय, तिची वेळ काय लिहिलीय आणि परवानग्या कुठं अडतात. त्यातही मराठी नावांचा एक खास घोळ आहे, तो खाली सविस्तर येईल.

कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या, अक्षरं लहान. मोठी अक्षरं लागतील तिथं तसं सांगितलंय. फोल्डरची मराठी नावं मात्र आहेत तशीच मराठीत टाइप करायची.

आधी घरात काय आहे ते बघा

तिन्ही मशिनींवर टर्मिनल उघडून हे चालवा:

आरसिंक --व्हर्जन

उबंटू २२.०४ किंवा २४.०४ वर ३.२.७ दिसेल. मॅकवर बऱ्याचदा २.६.९ दिसेल, आणि ती आवृत्ती २००६ सालची आहे. ३.० पासून आरसिंकचा परवाना जीपीएल ३ झाला. ॲपल मात्र जुन्या आवृत्तीवरच थांबलं. मॅकओएस सिक्वोयाच्या काळात त्याजागी ओपनआरसिंक आला, पण तोही स्वतःला ‘२.६.९ शी सुसंगत’ असंच म्हणवतो. विंडोजवर कमांडच सापडणार नाही, कारण तिथं आरसिंक मुळात नसतो.

नवी आवृत्ती घेण्याला कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये आरसिंकमधल्या काही गंभीर सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या. १४ जानेवारीला ३.४.० आणि दुसऱ्याच दिवशी ३.४.१ आली. मात्र उबंटूवर ३.२.७ दिसलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही. वितरणवाले आकडा तोच ठेवून दुरुस्ती मागच्या आवृत्तीत टाकतात, त्यामुळे अपडेट नियमित घेत असाल तर पॅकेज चालतं. स्वतः कंपाइल करायची गरज पडते ती अपडेट बंद झालेल्या जुन्या लिनक्सवर, होमब्रूचं (मॅकवर प्रोग्रॅम टाकायचं फुकट साधन) तयार पॅकेज नको असलेल्या मॅकवर, किंवा तिन्हीकडे अगदी एकच आवृत्ती हवी असेल तेव्हा. आम्ही तिसऱ्या कारणाला जास्त महत्त्व देतो. तिन्हीकडे तीन आवृत्त्या असल्या की चूक शोधताना अर्धा दिवस तिथंच जातो.

लिनक्सवर

सोर्स डाउनलोड.सांबा.ऑर्ग इथून घ्या, ३.४.१ किंवा त्यापुढची टार फाइल. गिटमधून (कोडच्या चालू साठ्यातून) घेतलात तर मॅन पानं, म्हणजे मदतीची पानं, तयार करायला पायथनचं जादा पॅकेज लागतं. टार फाइलमध्ये ती तयारच येतात, म्हणून नवख्यानं टारच घ्यावी. मग लागणाऱ्या लायब्ररी:

सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी मेक गॉक ऑटोकॉन्फ ऑटोमेक लिबएसीएल१-डेव्ह लिबएटीटीआर१-डेव्ह लिबएक्सएक्सहॅश-डेव्ह लिबझेडएसटीडी-डेव्ह लिबएलझेड४-डेव्ह लिबएसएसएल-डेव्ह

शेवटचं ‘-डेव्ह’ विसरू नका. नुसती लायब्ररी असून भागत नाही, कंपायलरला तिच्या हेडर फाइली लागतात आणि त्या याच पॅकेजमध्ये असतात. मग टार उलगडून त्या फोल्डरात जाऊन:

./कॉन्फिगर
मेक
मेक चेक
सुडो मेक इन्स्टॉल

कॉन्फिगर मध्येच थांबला आणि एक्सएक्सहॅशची हेडर फाइल सापडत नाही म्हणाला, तर तो खालीच उपायही सांगतो: --डिसेबल-एक्सएक्सहॅश. एक्सएक्सहॅश, झेडएसटीडी, एलझेड४ आणि ओपनएसएसएल या चौघांसाठी असा बंद करायचा पर्याय आहे. एक्सएक्सहॅश आणि ओपनएसएसएलमुळे चेकसम (फाइलीचा ताळा) झपाट्यानं होतो, बाकी दोन दाबून पाठवायच्या पद्धती आहेत. नसल्या तर काम अडत नाही, वेग थोडा कमी होतो. आयकॉन्व्ह (नावं एका अक्षरसंचातून दुसऱ्यात बदलणारी सोय) मात्र कधीही बंद करू नका. मराठी नावांचा सगळा खेळ त्यावर आहे. कंपाइल झाल्यावर व्हर्जनच्या यादीत ‘आयकॉन्व्ह’ असं दिसलं पाहिजे. ‘नो आयकॉन्व्ह’ दिसलं तर पुन्हा कॉन्फिगर करा.

इन्स्टॉल झाल्यावरही जुनाच आकडा दिसला तर हॅश -आर चालवा. नवा प्रोग्रॅम /यूएसआर/लोकल/बिन मध्ये जातो, आणि शेलनं जुन्याचा पत्ता लक्षात ठेवलेला असतो. इथंच आणखी एक खोच आहे: क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आणि त्याचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) बहुतेक वेळा /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. हातानं चालवलं की नवा आरसिंक, रात्री क्रॉननं चालवलं की जुना. म्हणून स्क्रिप्टमध्ये नेहमी पूर्ण मार्ग लिहावा: /यूएसआर/लोकल/बिन/आरसिंक.

मॅकवर

एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल चालवून कंपायलर घ्या. पूर्ण एक्सकोड लागत नाही. होमब्रूमधून ऑटोमेक, एक्सएक्सहॅश, झेडएसटीडी आणि एलझेड४ टाका. पुढं इंटेल मॅक आणि एम मालिकेचे मॅक यांचे रस्ते वेगळे होतात. इंटेलवर होमब्रू /यूएसआर/लोकल मध्ये राहतं आणि कंपायलर तिथं आपणहून बघतो. एम मालिकेवर ते /ऑप्ट/होमब्रू मध्ये असतं आणि तिथं कंपायलर बघत नाही. ‘आत्ताच तर टाकलं, तरी सापडत नाही म्हणतो’ या तक्रारीचं मूळ तेच. म्हणून:

सीपीपीफ्लॅग्ज=-आय/ऑप्ट/होमब्रू/इन्क्लूड एलडीफ्लॅग्ज=-एल/ऑप्ट/होमब्रू/लिब ./कॉन्फिगर --डिसेबल-ओपनएसएसएल

पहिले दोन शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत, आणि ‘आय’ व ‘एल’ ही अक्षरंही मोठी. ओपनएसएसएल इथं मुद्दाम बंद केलंय. होमब्रू ते वेगळ्या कप्प्यात ठेवतं, त्यासाठी आणखी दोन मार्ग द्यावे लागतात, आणि ऑफिसच्या बॅकअपला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

/यूएसआर/बिन मधला ॲपलचा आरसिंक काढून टाकायच्या भानगडीत पडू नका. ती जागा सिस्टिमनं कुलूपबंद केलेली आहे. नवा आरसिंक /यूएसआर/लोकल/बिन मध्येच राहू द्या. पण उबंटूवर बसून मॅककडच्या फाइली एसएसएचनं (दुसऱ्या मशिनशी सुरक्षित जोडणी) ओढायच्या असतील, तर मॅक जुनाच आरसिंक उठवतो, कारण त्या वाटेनं आल्यावर पाथमध्ये /यूएसआर/लोकल/बिन नसतं. तेव्हा कमांडमध्ये हे जोडा:

--आरसिंक-पाथ=/यूएसआर/लोकल/बिन/आरसिंक

डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समधल्या फाइलींवर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर परवानग्या बदलत बसू नका, सुडोनंही ते सुटत नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ‘फुल डिस्क ॲक्सेस’ आहे, तिथं टर्मिनलला परवानगी द्या.

विंडोजवर

विंडोजवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायच्या वाटा तीन: डब्ल्यूएसएल, सिग्विन आणि एमसिस२. डब्ल्यूएसएल सगळ्यात सोपं, कारण आत उबंटूच असतं आणि वरच्याच पायऱ्या चालतात. पण डब्ल्यूएसएल २ मधून सी ड्राइव्ह वाचणं फार सावकाश होतं. पाच-दहा हजार स्कॅन असलेलं फोल्डर ताडायला घेतलं की ते जाणवतं. म्हणून रोजच्या बॅकअपला सिग्विन घ्यावं असं आमचं मत.

सिग्विनच्या सेटअपमध्ये जीसीसी-कोर, मेक, गॉक, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबझेडएसटीडी-डेव्हल, लिबएलझेड४-डेव्हल, लिबएसएसएल-डेव्हल आणि ओपनएसएसएच निवडा. नंतर सिग्विनच्या टर्मिनलमध्ये तोच कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. सुडो लागत नाही. एक्सएक्सहॅशवर अडलं तर बंद करून पुढं जा.

ओपनएसएसएच सिग्विनचंच हवं. विंडोज १० पासून विंडोजचं स्वतःचंही एसएसएच येतं, आणि सिग्विनचा आरसिंक चुकून त्याला जोडला गेला की ‘डुप... फेल्ड’ असा काहीतरी संदेश येऊन संपर्क तुटतो. दोघांची पाइप हाताळायची पद्धत वेगळी आहे. ‘व्हिच एसएसएच’ चालवून बघा, उत्तर /यूएसआर/बिन/एसएसएच यायला हवं. टास्क शेड्युलरमधून चालवताना हा घोटाळा जास्त होतो, म्हणून तिथं आरसिंक थेट न लावता सिग्विनच्या बॅशला --लॉगिन देऊन स्क्रिप्ट चालवायची.

दुसरी हमखास चूक मार्गाची. सी: असं लिहिलं की आरसिंकला वाटतं ‘सी’ नावाचं दुसरं मशिन आहे, कारण कोलनच्या आधी तो मशिनचं नाव शोधतो. मग ‘उगम आणि मुक्काम दोन्ही दूरचे असू शकत नाहीत’ अशा अर्थाची तक्रार येते. सिग्विनमध्ये मार्ग असा:

/सिगड्राइव्ह/डी/पुस्तके/

तिसरी गोष्ट परवानग्यांची. सिग्विन विंडोजच्या डिस्कवर (एनटीएफएस) लिनक्ससारख्या परवानग्या उमटवायला जातं, आणि परत आणलेली फाइल विंडोजच्या एक्सप्लोररमधून उघडता येत नाही. सिग्विनच्या /ईटीसी/एफएसटॅब मध्ये सिगड्राइव्हच्या ओळीत ‘बायनरी’च्या पुढं स्वल्पविराम देऊन ‘नोएसीएल’ लिहा आणि सिग्विनच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. शिवाय विंडोजवरून पाठवताना -ए ऐवजी -आरटी वापरा. -ए मध्ये मालक, गट, परवानग्या असं सगळं येतं, आणि विंडोजच्या परवानग्यांना लिनक्सवर अर्थ नसतो.

स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर तीही एकदा तपासा. ओळीच्या शेवटी विंडोज दोन चिन्हं टाकतं, बॅशला एकच चालतं. ‘कमांड नॉट फाउंड’च्या आधी ‘\आर’ दिसला की समजायचं. डॉसटूयुनिक्स चालवलं की झालं.

‘ऱ’ची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची फाइल घ्या. पडद्यावर नाव एकच दिसतं, पण डिस्कवर ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं.

पहिली तऱ्हा: ‘ऱ’ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर आहे, यू+०९३१. इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाइप केलं की हेच येतं. यूटीएफ-८ मध्ये त्याच्या तीन बाइट: ई० ए४ बी१.

दुसरी तऱ्हा: साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे यू+०९३० आणि यू+०९३सी. युनिकोडच्या नियमानं ‘ऱ’ची फोड हीच आहे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम प्रत्येक नाव अशी फोड करूनच ठेवते. नवी एपीएफएस जसं दिलं तसं ठेवते, पण मॅकवरची बरीच ॲप्स नाव फोडूनच तिच्या हाती देतात. मग बाइट सहा: ई० ए४ बी० ई० ए४ बीसी.

तिसरी तऱ्हा: साधा ‘र’, हलंत आणि मग न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे. काही फोनेटिक कीबोर्ड अर्धा र असाच लिहितात.

मॅकला पहिल्या दोन तऱ्हा एकच वाटतात. लिनक्सला आणि विंडोजला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. मग होतं असं: पुस्तक विंडोजवरून सर्व्हरवर, म्हणजे कोपऱ्यातल्या उबंटूवर गेलं, तिथून मॅकवर आलं, मुखपृष्ठ लागून परत सर्व्हरवर गेलं, आणि सर्व्हरवर एकाच नावाच्या दोन फाइली. --डिलीट (उगमात नसलेली फाइल मुक्कामावरूनही काढणारा पर्याय) लावलेलं असेल तर त्याहून वाईट. आरसिंक एक फाइल नवीन म्हणून पाठवतो आणि तशीच दिसणारी दुसरी ‘डिलीटिंग’ म्हणून उडवतो. लॉग वाचणारा चक्रावून जातो.

खात्री करायची असेल तर त्या फोल्डरात जाऊन हे चालवा, मॅकवरही चालतं:

एलएस | ओडी -टी एक्स१

बाइटांच्या रांगेत ‘बी१’ दिसला तर पहिली तऱ्हा, ‘बी०’नंतर ‘ई० ए४ बीसी’ दिसलं तर दुसरी.

उपाय आरसिंकमध्येच आहे, ३.० पासून. मॅकवर बसून कमांड द्यायची आणि त्यात हे जोडायचं:

--आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८

आधी जिथं बसलोय त्या मशिनचा संच, मग पलीकडच्याचा. पाठवत असलात काय की ओढत असलात काय, क्रम तोच. ‘यूटीएफ-८-मॅक’ हा संच लिनक्सच्या लायब्ररीला माहीतच नसतो, म्हणून कमांड मॅकवरूनच सुटली पाहिजे. मॅकवर ‘आयकॉन्व्ह -एल’च्या यादीत तो दिसतोय ना, ते आधी बघून घ्या. जुन्या २.६.९ ला हा पर्याय कळतच नाही. मॅकवर नवा आरसिंक टाकायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

सर्व्हरवर आधीच दुहेरी फाइली झाल्या असतील तर कॉनव्हीएमव्ही नावाचं छोटं हत्यार आहे:

कॉनव्हीएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर /एसआरव्ही/चालू

असं चालवलं की काय बदलेल ते नुसतं दाखवतं. पटलं तर --नोटेस्ट जोडून खरोखर बदलायचं. तिसरी तऱ्हा मात्र यातल्या कशानंच सुटत नाही. युनिकोडच्या लेखी ते वेगळंच स्पेलिंग आहे. ऑफिसात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, एवढाच त्यावर इलाज. ‘त्यापेक्षा फाइलींची नावं इंग्रजीत ठेवा’ हा सल्ला हमखास मिळतो. एका अक्षरासाठी सगळी मराठी सोडायची काही गरज नाही.

नावाची लांबीही बघा. लिनक्सच्या एक्स्ट४ वर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, विंडोज आणि मॅकवर ती अक्षरांत मोजली जाते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रा आणि हलंतसुद्धा वेगळे मोजायचे, म्हणजे हाती राहतात ८५ चिन्हं. पुस्तकाचं, लेखकाचं आणि आवृत्तीचं नाव एकाच फाइलीत कोंबलं की ती सहज संपतात. मग ‘फाइल नेम टू लाँग’ आणि पुढं कंसात ३६ असा संदेश येतो.

आणखी एक. क्रॉनच्या लॉगमध्ये मराठी नावांच्या जागी ‘\#३४०\#२४४\#२६१’ असली माळ दिसली तर फाइल बिघडलेली नसते. हा तोच ‘ऱ’ आहे, तेच तीन बाइट अष्टमान आकड्यांत लिहिलेले. क्रॉनमध्ये भाषेची सेटिंग नसल्यानं आरसिंकला ते छापण्याजोगं अक्षर वाटत नाही. -८ हा पर्याय जोडा, नावं नीट दिसतील.

पहिली फेरी

सर्व्हरवर /एसआरव्ही/चालू हे फोल्डर करा. एसएसएचची किल्ली एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ नं बनवून एसएसएच-कॉपी-आयडीनं सर्व्हरवर टाका, म्हणजे रात्री पासवर्ड मागणार नाही. आरसिंकचा स्वतःचा डीमनही (सतत चालू राहणारी सेवा) आहे, तो ८७३ पोर्टवर चालतो. पण त्यातून फाइली उघड्याच जातात, आणि उबंटूची सेवा /यूएसआर/बिन मधला आरसिंक उठवते, तुम्ही कंपाइल केलेला नाही. पाच मशिनींच्या ऑफिसाला एसएसएच पुरे. तरीही डीमन चालवायचाच असेल तर मॉड्यूलमध्ये ‘चारसेट = यूटीएफ-८’ लिहायला विसरू नका, नाहीतर तो आयकॉन्व्ह नाकारतो.

मॅकवरून पहिली कमांड:

आरसिंक -एव्हीआयएन --आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८ --एक्सक्लूड=.डीएस_स्टोअर ~/पुस्तके/ सर्व्हर:/एसआरव्ही/चालू/

फाइलच्या नावात ‘डीएस’ आणि ‘स्टोअर’चा ‘एस’ मोठा. ‘एन’ म्हणजे नुसती रंगीत तालीम, काहीही कॉपी होत नाही. ‘आय’मुळे प्रत्येक फाइलीपुढं अकरा घरांची एक पट्टी येते. अधिक चिन्हांची रांग म्हणजे फाइल नवीन, मधे एकटाच ‘टी’ म्हणजे फक्त वेळ वेगळी. ही पट्टी वाचायची सवय लावून घ्या.

उगमाच्या शेवटचा तिरका दांडा महत्त्वाचा. ‘पुस्तके/’ म्हणजे फोल्डरातलं सामान, ‘पुस्तके’ म्हणजे फोल्डरसकट. दांडा विसरला की चालूच्या आत आणखी एक पुस्तके तयार होतं, आणि --डिलीटही मग त्या आतल्या फोल्डरापुरतंच चालतं, बाहेरचं जुनं सामान तसंच राहतं.

--डिलीटची खरी भीती वेगळीच आहे. उगमाचं फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर असेल आणि डिस्क जोडलेलीच नसेल, तर आरसिंकला रिकामं फोल्डर दिसतं आणि तो प्रामाणिकपणे सर्व्हरही रिकामा करतो. त्यासाठी दोन कुलुपं लावा. --मॅक्स-डिलीट=१०० दिलं की शंभरावर थांबतो आणि २५ क्रमांकाची चूक देतो. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला डिस्कवरच्या एका खुणेच्या फाइलीची तपासणी, ती नसेल तर तिथंच बाहेर पडायचं.

तालीम पटली की ‘एन’ काढा.

पेन ड्राइव्ह आणि वेळ

एफएटी३२ च्या ड्राइव्हवर बॅकअप घेतला की दर वेळी बऱ्याच फाइली न बदलताही पुन्हा कॉपी होतात. या फाइल सिस्टिमवर वेळ दोन सेकंदांच्या पटीत लिहिली जाते, त्यामुळे ती बऱ्याचदा नेमकी जुळत नाही. --मॉडिफाय-विंडो=१ दिलं की सुटतं. तरीही सगळ्या फाइली ‘टी’ दाखवत असतील तर फरक मोजा. बरोबर साडेपाच तास, म्हणजे १९८०० सेकंद निघाला, तर एका मशिननं वेळ भारतीय धरलीय आणि दुसऱ्यानं ग्रिनिचची. एफएटी३२ वर स्थानिक वेळच लिहिली जाते आणि ती कुठली, याची नोंद कुठंच नसते. अशा वेळी मॉडिफाय-विंडो साडेपाच तासांचं करू नका, त्यानं खरे बदलही सुटतील. ड्राइव्ह एक्सफॅट करून टाका. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइलही मावत नाही, आणि थरांची मोठी मुखपृष्ठं आजकाल तिथपर्यंत जातात.

रोजचा बॅकअप

मशिनी दिवसभर /एसआरव्ही/चालू मध्ये पाठवतात. रात्री सर्व्हर स्वतः त्याची तारखेची प्रत काढतो:

आरसिंक -ए --लिंक-डेस्ट=../कालची /एसआरव्ही/चालू/ /एसआरव्ही/जुने/आजची/

न बदललेली फाइल कालच्याच प्रतीला हार्ड लिंकनं (डिस्कवर फाइल एकच, नावं दोन) जोडली जाते. तीस दिवसांच्या तीस पूर्ण प्रती दिसतात, पण जागा जवळपास एका प्रतीची आणि रोजच्या बदलांची. लिंक-डेस्टचा सापेक्ष मार्ग मुक्कामाच्या फोल्डरापासून मोजला जातो. तुम्ही कुठं उभे आहात याला अर्थ नाही. तिथं चूक झाली तर बारीकशी सूचना येते आणि रोज पूर्ण प्रत बनत राहते. डिस्क आठवड्यात भरली की मग कळतं. एक्सफॅटवर हार्ड लिंक नसते, म्हणून ही डिस्क एक्स्ट४ च हवी. ‘जुने’ फोल्डरची मालकी वेगळ्या युजरकडे ठेवा. एखाद्या विंडोज मशिनवर व्हायरस शिरलाच तर तो ‘चालू’पर्यंत पोचेल, मागच्या प्रतींपर्यंत नाही.

क्रॉनटॅबमध्ये वेळ ‘३० २२ * * *’, आणि कमांडच्या आधी फ्लॉक -एन लावून एक लॉक फाइल द्या, म्हणजे आधीची फेरी संपली नसेल तर दुसरी सुरू होत नाही. रात्री साडेदहाच का? ऑफिस बंद असतं, हिशोबाच्या प्रोग्रॅमच्या फाइली कुणी उघडलेल्या नसतात. चालू डेटाबेसची अर्धी लिहिलेली प्रत नसल्यासारखीच. दुसरं कारण नागपूरचं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना दुपारी दोन तास डिस्क घरघरवू नये. बऱ्याच एक्स्टर्नल डिस्कच्या कागदावर चालवायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. म्हणून डिस्क कूलरच्या झोतात ठेवायची, हाही आपल्याकडचा उपाय, पण तो दमट वारा तिला मानवत नाही. पंखा पुरे.

मधेच लाइन गेली आणि इन्व्हर्टरही बसला तर मोठी फाइल पुन्हा पहिल्यापासून जाते. --पार्शल-डिर=.अर्धवट दिलं की अर्धी आलेली फाइल बाजूला राहते आणि पुढच्या फेरीत तिथून पुढं सुरू होते. --इनप्लेस हा पर्याय यासाठी सुचवला जातो, पण हार्ड लिंकच्या प्रतींवर तो कधीच वापरू नका. तो फाइल जागच्या जागी बदलतो, म्हणजे जुन्या तारखांच्या प्रतीही बदलतात. ऑफिसच्या आतल्या जाळ्यात -झेडही नको, दाबण्यात सीपीयूच दमतो.

चूक आली तर

‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युअर शेल क्लीन’ असं आलं तर आवृत्त्यांच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा सर्व्हरच्या .बॅशआरसी मध्ये कुणीतरी ‘नमस्कार’ छापणारी ओळ टाकलेली असते, आणि आरसिंकला ती उत्तराचा भाग वाटते. ओळ काढा.

चूक क्रमांक २३ म्हणजे काही फाइली गेल्या नाहीत, बहुधा परवानगी किंवा लांब नाव. लॉगमध्ये वर बघा, तिथं फाइलीचं नाव असतं. २४ म्हणजे फेरी चालू असताना फाइल नाहीशी झाली, ही सहसा तात्पुरत्या फाइलींची गोष्ट, दुर्लक्ष चालतं. ११ दिसला तर आधी डिस्क भरली का ते डीएफ -एच नं बघा. २५५ हा एसएसएचचा, त्यात आरसिंकचा दोष नाही. स्क्रिप्टनं २४ सोडून बाकी शून्येतर क्रमांकावर मोबाइलवर निरोप जाईल अशी सोय करा. निरोप न येणारा बॅकअप सहा महिने बंद असला तरी कुणाला कळत नाही.

आणि महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी म्हणा, ‘जुने’मधल्या पंधरा दिवसांपूर्वीच्या तारखेतून एक पुस्तक वेगळ्या फोल्डरात परत आणा, मॅकवर आणि विंडोजवर दोन्हीकडे. फाइल उघडून शेवटचं पान बघा. नाव ‘ऱ’चं असलेलंच निवडा.